ट्रॅव्हल्स वनी का रे भो?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात धुळ्याच्या एका वाचकाचं पत्र आलं होतं, मी कात्रण काढून चष्म्याच्या डबीत ठेवलंय. त्यांचा राग एका हेडिंगवर होता, 'घाटात ट्रॅव्हल्स बंद, प्रवासी रात्रभर गारठले' असं काहीतरी. तर त्यांचं म्हणणं असं की ट्रॅव्हल म्हणजे प्रवास, ट्रॅव्हल्स म्हणजे अनेक प्रवास, मग घाटात काय अनेक प्रवास बंद पडले का, इंग्रजीत या नावाची गाडीच नाही आणि मराठीत तर नाहीच नाही, तेव्हा यापुढे 'खासगी आरामदायी बस' असं छापत जा आणि भाषा सुधारा.

पत्र चांगलं लिहिलंय, माणूस शिकलेला दिसतो, बहुतेक मास्तर असावेत. पण मला पटलं नाही म्हणून हे लिहून राहिलो. मोबाईलवर टाईप करतोय तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तुमच्या ऑफिसातल्या पोरांनी बघून घ्यावं.

आधी सांगतो मी कोण. मी एसटीचा रिटायर्ड कंडक्टर, अमळनेरचा. एकतीस वर्षं खांद्याला कातडी पिशवी आणि हातात पंच, शेवटची काही वर्षं ते तिकिटाचं मशीन आलं तेव्हापासून पंचाची टिकटिक बंद झाली. त्याआधी इथल्याच प्रताप कॉलेजातून इंग्रजी घेऊन बीए झालो होतो, इंग्रजीचा प्राध्यापक व्हायचं होतं आणि झालो कंडक्टर, पण वाचायची सवय राहिली, लांबच्या फेरीला ड्युटी लागली की मुक्कामी डिक्शनरी घेऊन जायचो आणि रात्री गाडीतच लाईट लावून शब्द वाचत पडायचो, ड्रायव्हर लोक हसायचे. म्हणजे ट्रॅव्हल्स या वस्तूवर माझं प्रेम असायचं काहीच कारण नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या स्टँडच्या गेटबाहेर उभं राहून 'पुणे पुणे पुणे' ओरडून हे लोक आमचे पॅसेंजर न्यायचे आणि आम्ही अर्धी गाडी रिकामी घेऊन चाळीसगावचा रस्ता धरायचो. तरी मी आज त्या शब्दाची बाजू घेतोय. गाडीशी भांडण वेगळं आणि शब्दाशी वेगळं.

पहिली गोष्ट, धुळ्याचे वाचक अर्धे बरोबर आहेत. इंग्रजीत ते शंभर टक्के बरोबर. आमच्या घरातलंच सांगतो. माझा पुतण्या डिप्लोमा करून पुण्याला इंटरव्ह्यूला गेला होता, समोरच्या साहेबांनी सहज विचारलं हाऊ डिड यू कम, म्हणजे आलास कसा, तर हा बिचारा खरं ते बोलला, आय केम बाय ट्रॅव्हल्स. साहेब हसले आणि म्हणाले ट्रॅव्हल्स? हाऊ मेनी? हा म्हणतो, ओन्ली वन सर. सगळी रूम हसली म्हणे. पोरगं रात्री परत येताना त्याच ट्रॅव्हल्समध्ये बसून मला फोन करतं, काका माझं काय चुकलं, आपण सगळे तर असंच बोलतो.

मी त्याला जे सांगितलं ते इथं लिहितो कारण कोणाच्या तरी पोराला उपयोगी पडेल. इंग्रजीत ट्रॅव्हल हे क्रियापद आहे, फिरणं, जाणं, प्रवास करणं. नाम म्हणून वापरलं तर ते मोजता येत नाही, 'अ ट्रॅव्हल' असं कोणी म्हणत नाही. आपण 'सामान' मोजत नाही तसं. दोन सामान आहेत असं आपण म्हणतो का, नाही, सामानाचे दोन नग म्हणतो, जुने हमाल तर दोन डाग म्हणायचे. लगेज पण तसंच, इंग्रजीत लगेजेस होत नाही, मी मात्र एकतीस वर्षं लगेजची तिकिटं फाडली आणि दोन लगेज तीन लगेज मोजले, कारण मोजल्याशिवाय भाडं निघत नाही. तर ट्रॅव्हल मोजायचं असेल तर शब्द बदलावा लागतो, ट्रिप म्हणा, जर्नी म्हणा. आणि ट्रॅव्हल्स असं एस लावून इंग्रजीत येतं ते एकाच अर्थाने, एखादा माणूस देशोदेशी वर्षानुवर्षं भटकला तर ती भटकंती म्हणजे त्याचे ट्रॅव्हल्स. पुतण्या अमळनेरहून पुण्याला एका रात्रीत गेला, त्याला ट्रॅव्हल्स म्हणणं म्हणजे बाजारातून मेथी आणली आणि म्हटलं चारधाम करून आलो. इंग्रजीत त्याने म्हणायला पाहिजे होतं बाय बस, फार तर ओव्हरनाईट बस. इंग्लंडमधे लांब पल्ल्याच्या बसला कोच म्हणतात.

कोच शब्दाची गंमत सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही, थोडं आडवळण घेतो. हंगेरी देशात कोच नावाचं एक गाव आहे, तिथं घोड्याच्या चांगल्या गाड्या बनायच्या, त्या गावावरून गाडीलाच सगळ्या युरोपात कोच नाव पडलं. मग रेल्वेचा डबा कोच झाला. आणि ऑक्सफर्डच्या कॉलेजची पोरं, साधारण १८३० च्या काळात, शिकवणी घेणाऱ्या मास्तरला चेष्टेने कोच म्हणायला लागली, का तर हा आपल्याला परीक्षेतून गाडीसारखा वाहून पार नेतो. त्यातून क्रिकेटचा कोच आणि त्यातूनच कोचिंग क्लास. म्हणजे आपल्या जळगावात ज्यांची पोरं नीटच्या कोचिंगला आहेत त्यांनी लक्षात घ्या, पोरगं एका हंगेरियन घोडागाडीत बसलंय आणि भाडं तुम्ही भरताय.

आता मुद्द्यावर येतो. इंग्रजीत चूक ते मराठीत चूक असं कोणी ठरवलं?

धुळ्याच्या भाऊंनी (किंवा ताईंनी, नाव नव्हतं छापलेलं) त्यांच्या पत्रात स्वतः 'बस' शब्द चार वेळा वापरलाय. बस हा शब्द कुठून आला माहितीये का? लॅटिनमधे ऑम्निबस म्हणजे 'सर्वांसाठी'. फ्रान्समधे भाड्याने कोणालाही बसू देणारी मोठी घोडागाडी निघाली तिला हे नाव दिलं, मग १८२९ साली शिलिबीर नावाच्या माणसाने लंडनमधे तशी गाडी सुरू केली. लोकांना एवढं लांब नाव बोलायला कोणाला टाईम आहे, त्यांनी पुढचं कापून टाकलं आणि मागचं तेवढं ठेवलं, बस. आता बघा, ऑम्निबस मधलं 'सर्व' आहे ऑम्नि मधे, आणि बस हा नुसता विभक्तीचा प्रत्यय. म्हणजे 'सर्वांसाठी' मधलं सर्व टाकून दिलं आणि 'साठी' राहिलं! आपण स्टँडवर जाऊन विचारावं, भाऊ चोपड्याची साठी किती वाजता आहे, साठीला गर्दी आहे का, साठी पंक्चर झाली. असा हा शब्द आहे साहेब. इंग्रजांनी लॅटिनचा प्रत्यय उचलून त्याला चाकं लावली तर ती शुद्ध भाषा, आणि आमच्या माणसाने ट्रॅव्हल्सला चाकं लावली तर भाषा बिघडली?

आणि एसटी घ्या, माझी स्वतःची. १ जून १९४८ ला पुणे ते नगर पहिली गाडी धावली तेव्हापासून ही एसटी. एसटी म्हणजे स्टेट ट्रान्सपोर्ट, राज्य परिवहन. परिवहन म्हणजे गाडी का? नाही. परिवहन म्हणजे वाहून नेण्याचं काम. तरी 'एसटी आली', 'एसटी चुकली', 'एसटी झाडाला धडकली' हे सगळे पेपर छापतात, तिथं कोणी विचारत नाही की राज्य परिवहन झाडाला कसं धडकलं. खेड्यात तर तिची यष्टी झाली आणि यष्टीला लोक ओवाळायचे सुद्धा, गावात पहिल्यांदा गाडी आली की नारळ फुटायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याच्यावर कडी म्हणजे एशियाड. १९८२ साली दिल्लीला आशियाई खेळ झाले, एशियाड, त्यावरून एसटीच्या निमआराम गाडीला लोकांनी नाव दिलं एशियाड. धावायच्या आणि पोहायच्या स्पर्धेचं नाव बसला! मी कितीदा ऐकलंय, कंडक्टर भाऊ एशियाड आहे का साधी आहे, साधी असेल तर येतो. दिल्लीच्या स्पर्धा कोण जिंकलं ते आज कोणाच्या डोक्यात नाही पण एशियाडचं तिकीट जास्त असतं हे सगळ्यांना माहीत.

ट्रॅव्हल्सचं नाव कसं पडलं ते तर माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. आमच्याकडे आधी 'व्हिडिओ कोच' आल्या, पुढं टीव्ही टांगलेला आणि रात्रभर पिक्चर, झोपायचं असलं तरी झोपू देत नसत. त्याला काही लोक लक्झरी पण म्हणायचे, सुरतेकडचे आपले लोक अजून लक्झरीच म्हणतात. (जुन्या इंग्रजीत लक्झरीचा अर्थ काय होता ते डिक्शनरीत बघा, इथं लिहिता येणार नाही, वासनेशी संबंधित आहे, आणि आपल्या आयाबहिणी खुशाल म्हणतात लक्झरीने आले.) मग व्हिडिओ गेले, नुसत्या गाड्या राहिल्या, आणि प्रत्येक गाडीच्या काचेवर, बाजूला, मागं मोठ्या अक्षरात मालकाचं नाव किंवा देवाचं नाव आणि पुढं 'टूर्स अँड ट्रॅव्हल्स'. देवाचं नाव प्रत्येक गाडीवर वेगळं. ट्रॅव्हल्स मात्र सगळ्यांवर सारखं. मग माणूस काय म्हणणार? जे सगळ्यांवर लिहिलंय तेच त्या गाडीचं नाव. अंगावर लिहिलेलं वाचून नाव ठेवलं, यात काय चुकलं, जेसीबी मशीनचं पण असंच झालंय, जोसेफ सिरिल बॅमफर्ड या माणसाच्या नावाची अक्षरं पिवळ्या मशीनवर लिहिलेली म्हणून ते मशीन जेसीबी आणि आपण बॅमफर्डसाहेबांना रोज नाल्यात उतरवतो.

मराठीने हा शब्द कसा घरात घेतला ते जरा नीट बघण्यासारखं आहे. ट्रॅव्हल्स आली, स्त्रीलिंगी. का स्त्रीलिंगी? कारण मनात गाडी आहे. एसटी, बस, जीप, लक्झरी, एशियाड, शिवशाही सगळ्या बायकाच, ट्रक आणि टेम्पो तेवढे पुरुष, ते का हे मला अजून सुटलेलं नाही. एक ट्रॅव्हल्स, दहा ट्रॅव्हल्स, रूप तेच. ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर, ट्रॅव्हल्समध्ये, ट्रॅव्हल्सवाला, सगळे प्रत्यय बिनबोभाट लागतात. आमची एक म्हातारी मावशी होती, शाळेची पायरी चढलेली नाही, पोरगा पिंपरीला कंपनीत, तो यायचा असला की पहाटे ओट्यावर बसून जाणाऱ्या येणाऱ्याला विचारायची, "ट्रॅव्हल्स वनी का रे भो?" म्हणजे ट्रॅव्हल्स आली का रे भाऊ. आता सांगा, जो शब्द आमच्या अहिराणी बोलीत जाऊन 'वनी' ला जोडून बसला तो अजून परका कसा? खासगी आरामदायी बस वनी का रे भो, असं मावशीच्या तोंडी घालून बघा.

एसचं म्हणाल, की अनेकवचनाचं एकवचन केलं, तर तो आपला हक्कच आहे. आपण म्हणतो एक सॉक्स सापडत नाही, शूज फाटला. आणि इंग्रजांनी तरी काय केलं, आपला इकडचा पायजमा नेला, एक पायजमा, धडधाकट एकवचनी, नाडी असलेला, आणि तिकडं नेऊन त्याला एस लावून पजामाज केला. एका माणसाच्या अंगात एकच आणि नाव अनेकवचनी. त्यांनी आपल्या एकाचे अनेक केले, आपण त्यांच्या अनेकांचा एक केला, फिट्टंफाट.

आता 'खासगी आरामदायी बस' हे का चालणार नाही ते एक कंडक्टर म्हणून सांगतो. आरामदायी हे मालकाने म्हणायचं असतं, मागच्या सीटवर बसून ज्याने कन्नडचा घाट उतरलाय त्याने नाही. (या घाटाचं कागदावरचं नाव औट्रम घाट, जेम्स औट्रम नावाचा इंग्रज अधिकारी ज्याने १८२५ च्या सुमारास खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली त्याचं नाव, पण चाळीसगावहून गाडी वर चढून कन्नडला जाते म्हणून आमच्यासाठी तो कन्नडचा घाट.) राहिलं खासगी बस. शाळेची बस खासगी, कंपनीची बस खासगी, लग्नाच्या वऱ्हाडाची खासगी, देवदर्शनाला गेलेली पण खासगी. पेपरात आलं 'खासगी बस बंद पडली' की गावातली माणसं फोन लावत बसतात, आपलं वऱ्हाड तर नाही ना, पोरांची ट्रिप तर नाही ना. आणि आलं 'ट्रॅव्हल्स बंद पडली' की एका क्षणात कळतं, रात्रीची गाडी आहे, सीटप्रमाणे तिकीट काढून लोक बसलेत, पुणे-मुंबई-सुरत कुठंतरी चाललेत. एका शब्दात एवढं कळतंय तर तुमच्या बातमीदाराने तो का टाकावा? जागा पण वाचते, तुमच्या कामाचं आहे.

शुद्धच पाहिजे असेल तर कायद्यातला शब्द आहे की. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दोन प्रकार आहेत, एक स्टेज कॅरेज, म्हणजे आमची एसटी, टप्प्याटप्प्याने पॅसेंजर घेणार आणि उतरवणार, आमचा टप्पा सहा किलोमीटरचा आणि भाडं टप्प्यावर. दुसरं कॉन्ट्रॅक्ट कॅरेज, कंत्राटी वाहन, ठरवून एका जागेहून दुसऱ्या जागी, मधे कोणाला घ्यायचं नाही की सोडायचं नाही, ट्रॅव्हल्सचं परमिट हे. सरकारने २०१८ साली ठरवलं की एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घ्यायचं नाही, ते याच कंत्राटी वाहनांसाठी. (दिवाळीत काय होतं ते वाचकांना माहीत आहे, मी बोलत नाही, मी एसटीचा माणूस, लोक म्हणतील जळतो.) तर छापा मग, 'घाटात कंत्राटी वाहन बंद'. कोण वाचेल? लोकांना वाटेल विटांचा ट्रक असेल.

सरकारी शब्दाचं काय होतं ते मला विचारा. माझ्या बिल्ल्यावर आणि सर्व्हिस बुकात मी 'वाहक'. एकतीस वर्षांत लाखभर तिकिटं तरी फाडली असतील, एकाही माणसाने मला ओ वाहक अशी हाक मारली नाही. कंडक्टर भाऊ, दादा, मामा, म्हाताऱ्या बाया भाऊ रे म्हणायच्या, चिडले तर आणखी काही. फक्त एकदा एका पासवाल्या पोराने चेष्टेने वाहकराव म्हटलं होतं.

पासवाल्यांवरून आठवलं, इंग्रजीत एक शब्द आहे कम्यूट, रोज घर ते काम आणि काम ते घर जाणं. आजकाल पुण्याची पोरं म्हणतात माझा कम्यूट दीड तासाचा आहे. हा शब्द मुळात पासाचा आहे! अमेरिकेत रोज जाणाऱ्यांना सगळ्या फेऱ्यांचं भाडं मिळून एकदम कमी पैशात तिकीट द्यायचे, त्याला कम्युटेशन तिकीट म्हणायचे, ते बाळगणारा तो कम्यूटर. म्हणजे चक्क पासवाला. आणि आपल्याकडे भुसावळ ते जळगाव, अमळनेर ते जळगाव रोज जाणारा नोकरदार काय म्हणतो? अपडाऊन करतो. अप आणि डाऊन हे रेल्वेचे शब्द, भुसावळसारखं जंक्शन जिथं आहे तिथल्या लोकांनी ते रुळावरून उचलून स्वतःच्या आयुष्याला लावले. शिक्षक मास्तर गावात का राहत नाही, अपडाऊन करतो. पोरगी दाखवताना पण विचारतात, मुलगा अपडाऊन करतो का तिकडंच राहतो. हा शब्द इंग्रजाला सांगितला तर कळणार नाही, पण त्याच्या कम्यूटपेक्षा आमचा अपडाऊन चांगला, त्यात जाणं पण दिसतं, येणं पण दिसतं आणि थकवा पण ऐकू येतो. याला प्रवास म्हणता येत नाही हो, प्रवास शब्दात 'वास' आहे, घर सोडून दूर वास करणं, आणि अपडाऊनवाला तर रात्री घरच्या भाकरीला हजर असतो.

आता मुख्य गोष्ट, जी मला पत्र लिहायला बसल्यावर फार दिवसांनी आठवली. इंग्रजी ट्रॅव्हल शब्दाचं मूळ. तो आणि ट्रॅव्हेल, म्हणजे कष्ट, यातना, बाळंतपणाच्या कळा सुद्धा, हे दोन्ही शब्द एकच. फ्रेंचमधे त्याच शब्दाचा अर्थ आजही काम, मजुरी. आणि बहुतेक डिक्शनऱ्या त्याच्या मागं आणखी जाऊन लॅटिनचा ट्रिपेलियम शब्द देतात, ट्रि म्हणजे तीन आणि पुढचं म्हणजे खुंट, तीन खुंटांना माणूस बांधून छळायचं साधन. छळ, त्यावरून कष्ट, आणि त्या काळात रस्त्याला निघणं म्हणजे कष्टच म्हणून त्यावरून प्रवास. असा हा शब्द चालत आला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी ड्युटी इंदूरच्या गाडीवर होती. शिरपूर सोडलं, पळासनेरची बॉर्डर ओलांडली, पुढं बिजासनचा घाट चढून सेंधव्यात शिरलो तर समोर पाटी, 'यातायात पुलिस'. मी रोज बघायचो ती पाटी पण त्या दिवशी थांबलो. हिंदीत यातायात म्हणजे ट्रॅफिक, जा-ये. मूळ संस्कृत पण तेच, जाणं आणि येणं. आणि बॉर्डरच्या अलीकडं, आमच्या मराठीत, यातायात म्हणजे? त्रास! 'एका दाखल्यासाठी केवढी यातायात करावी लागली.' इंग्रजीत कष्टाचा शब्द प्रवासाकडे गेला आणि मराठीत जाण्यायेण्याचा शब्द कष्टाकडे आला. त्या लोकांना छळापासून सुरुवात करून रस्त्याला लागावं लागलं, आम्ही रस्त्याला लागलो आणि छळाला पोचलो. मी ड्रायव्हरला हे एवढं समजावून सांगितलं, तो गिअर टाकत म्हणाला, मग त्यात नवीन काय, मागच्या सीटवर बस म्हणजे कळंल.

जर्नीचं पण असंच आहे, थोडक्यात सांगतो. फ्रेंचमधे जूर म्हणजे दिवस, जर्नी म्हणजे एका दिवसाची चाल किंवा एका दिवसाचं काम. इंग्रजीत जर्नीमन म्हणजे प्रवासी नाही, दिवसावर मजुरी घेणारा कारागीर. आपल्याकडे रोज म्हणजे दिवस आणि रोज म्हणजे मजुरी पण, केळीच्या बागेत जाणाऱ्या बायका विचारतात ना, यंदा रोज किती पाडला. तर गावाबाहेरच्या कमानीवर हॅपी जर्नी लिहिलेलं असतं तिथं मला नेहमी वाटायचं की हे सगळ्यात जास्त त्या टेम्पोत उभं राहून कापूस वेचायला चाललेल्या बायांना लागू आहे, शब्दाच्या मुळाप्रमाणे खरी जर्नी त्यांचीच.

ट्रिप बद्दल लिहायचं होतं, की इंग्रजीत ट्रिप म्हणजे अडखळणं पण आहे, म्हणून आपल्या विहिरीवरची मोटर रात्री ट्रिप मारते, शाळेची पोरं वेरूळला ट्रिपला जातात आणि ट्रॅक्टरवाला दिवसाला मातीच्या आठ ट्रिपा टाकतो, पण पत्र फार लांबलं, तुम्ही अर्धं कापणार हे मला माहितीये. कापलं तरी चालेल, 'साठी' वाला भाग तेवढा ठेवा.

धुळ्याच्या वाचकांना माझा राम राम सांगा. त्यांच्या शाळेत (मास्तर असले तर) पोरांना त्यांनी जरूर सांगावं की इंग्रजी बोलताना बाय ट्रॅव्हल्स म्हणू नका, बाय बस म्हणा, माझ्या पुतण्यासारखी कोणाची फजिती व्हायला नको. ते बरोबरच आहे. पण तुमच्या हेडिंगला हात लावू नका म्हणावं. आणि त्यांना एक विचारायचं राहिलं, स्वतः ते धुळ्याहून पुण्याला जातात तेव्हा बायकोला जाताना काय सांगतात, बाई गं माझी खासगी आरामदायी बस रात्री दहाची आहे?

पुतण्याचं सांगायचं राहिलं. त्या साहेबांकडे नाही झालं पण दुसरीकडे लागला, चाकणला आहे, बरं चाललंय. पोळ्याला येतोय, उद्या पहाटे. पारोळ्याजवळ आली की फोन करतो म्हणाला, साडेचारच्या आसपास, मग मला गाडी काढून फाट्यावर जावं लागेल, ते लोक गावात आत येत नाहीत. आमची एसटी अगदी स्टँडात आणून सोडते, पण पोरगं ऐकत नाही. सध्या रात्रीचे साडेदहा झालेत, मी अलार्म लावून झोपतो.

आपला,
एक रिटायर्ड कंडक्टर
अमळनेर, जि. जळगाव